खोली पाहिलीत, सेवेकरी पाहिलेत का?



पूर्वी अमेरिकेतल्या आपल्या मंडळाकडे विचारणा यायची ती गणपतीची मूर्ती कुठे मिळेल, मराठी शाळा कधी सुरू होते अशी. अलीकडे वेगळा फोन येतो. "जळगावला, नाहीतर धुळ्याला आईसाठी एखादं चांगलं होम माहीत आहे का?" आपल्या सभासदांत खान्देशातली मंडळी पुष्कळ आहेत. त्यांचे आईवडील आता ऐंशीच्या घरात आहेत. कुणी वृद्धाश्रमात आहेत, कुणी घरीच आहेत आणि एजन्सीकडून आलेली मुलगी बारा-बारा तासांच्या ड्युटीवर त्यांच्यापाशी असते. मुलांनी खूप विचार करून, रात्र रात्र जागून हे निर्णय घेतलेले असतात, म्हणून त्यांना कुणी नावं ठेवू नयेत.

चौकशी करताना आपण खोली किती मोठी, संडास कमोडचा आहे का, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, कॅमेरे आहेत का हे सगळं विचारतो. जी मुलगी रोज आईला अंघोळ घालणार, गोळ्या देणार, रात्री उठवून बाथरूमला नेणार, तिला म्हाताऱ्या माणसाशी बोलायला कुणी शिकवलं आहे का, हे मात्र विचारायचं राहून जातं. आमच्या मते पहिला प्रश्न हाच असायला हवा.

खान्देशात या प्रश्नाला जास्तच धार आहे. धुळे, शिरपूर, अमळनेर, पारोळा या पट्ट्यात अहिराणी बोलली जाते, तर जळगाव, भुसावळ, यावल, रावेरकडे लेवा गणबोली. सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी, भिली आणि तडवी लोकांची बोली आहे. २०११च्या जनगणनेत 'खान्देशी' या नावाखाली १८ लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा नोंदली गेली. शाळेत आणि कचेरीत जन्मभर प्रमाण मराठी बोललेला माणूसही आजारपणात, विशेषतः स्मृतिभ्रंशात, अनेकदा लहानपणीच्या बोलीकडे परततो. शिक्षक म्हणून निवृत्त झालेले आप्पा एक दिवस फक्त अहिराणीच बोलू लागतात. सेवेला असलेली मुलगी घरी पावरी बोलणारी असेल, शहरात येऊन मराठी शिकलेली असेल, तर दोघांच्या मधे एक पूर्ण भाषा अडकून बसते. आप्पा काय मागताहेत ते कळत नाही. ते चिडतात, तीही चिडते, आणि वहीत नोंद होते : 'पेशंट त्रास देतो.'

शब्द कळले तरी काम संपत नाही. "कशी शेस माय?" असं विचारलं की आपल्याकडची म्हातारी बाई "बरं शे" एवढंच म्हणणार. कंबर मोडली तरी बरं शे. एक ते दहापैकी दुखणं किती, हा अमेरिकेतल्या नर्सचा प्रश्न तिला विचारला तर ती गोंधळून बघत राहील. लघवीला जळजळ होते हे ती पुरुष वॉर्डबॉयला कधीच सांगणार नाही. मग ताप चढतो, ती भ्रमात बडबडायला लागते आणि तेव्हा कुठे इन्फेक्शन लक्षात येतं. शिकलेली सेविका तिच्या पलंगापाशी खाली बसते, आधी चष्मा आणि कानातलं यंत्र लावून देते, हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगते. "दुखतं का?" असं न विचारता "रात्री कूस वळवता आली का? संडासला बसून उठता आलं का?" असं विचारते. एका वेळी एकच गोष्ट सांगते आणि उत्तरासाठी थांबते. हे सगळं शिकवता येतं आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही.

तसंच मानाचं. खान्देशात वडीलधाऱ्यांना जिभाऊ, आबा, नाना, बापू म्हणतात. बायकांना माय, आक्का, नानी. 'ए आजोबा' किंवा 'बेड नंबर चार' ऐकून जन्मभर गावात मान मिळवलेला माणूस आतून मिटतो. अंघोळीच्या सोयीसाठी गळ्यातली तुळशीची माळ काढणं, उवा होतील म्हणून न विचारता केस कापणं, डोक्यावरचा पदर सारखा खाली ओढणं या गोष्टी करणाऱ्याला किरकोळ वाटतात. ज्याच्यावर होतात तो त्या विसरत नाही. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत रोज देणं शक्य नाही, हे आम्हालाही समजतं. पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्याच्या आठवणी काढणाऱ्या, श्रावणात कानबाईचे रोट कधी म्हणून विचारणाऱ्या बाईला त्या दिवसाचं महत्त्व माहीत असलेलं एक माणूस तरी शेजारी हवं.

जून २०२० मधली जळगावची घटना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. कोरोनाच्या धामधुमीत शासकीय रुग्णालयात दाखल असलेली, ऐंशी ओलांडलेली एक बाई बेपत्ता झाली आणि आठवडाभराने तिचा मृतदेह रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांचं निलंबन झालं. त्या काळात कर्मचाऱ्यांवर असह्य ताण होता हे खरंच. तरीही एक पाळी संपून दुसरी सुरू होताना 'त्या आजी कुठे आहेत?' एवढं एकमेकांना विचारण्याची आणि उत्तर मिळेपर्यंत शोधण्याची पद्धत अंगवळणी पडलेली असायला हवी होती. कामाची सूत्रं नीट सोपवणं हेही संवादाचंच शिक्षण आहे.

आपण राहतो त्या अमेरिकेत हे आपोआप झालं नाही. इथल्या नर्सिंग होममधल्या दुरवस्थेवर वर्षानुवर्षं आवाज उठल्यावर १९८७चा सुधारणा कायदा आला. आज नर्स एडला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं आणि त्यातले १६ तास वृद्धांना हात लावण्याआधी पूर्ण करावे लागतात. त्या १६ तासांत संवाद हा विषय आहे. २०१६च्या केंद्रीय नियमांनी रहिवाशाची संस्कृती लक्षात घेऊन सेवा देणंही बंधनकारक केलं. नियम कागदावर राहतात अशीही होम इथे आहेत, पण बोट ठेवायला कागद तरी आहे. भारतात २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या १९व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे. खाटांचा आकडा तिथे आहे, सेवेकऱ्यांच्या प्रशिक्षणाचे तास नाहीत.

आणि शिकवायचं तर आधी त्या सेवेकरी मुलीचीही कदर हवी. तुटपुंजा पगार, सुट्टी नाही, फोनवर परदेशातून ओरडणारा मुलगा, अशा स्थितीत कोण गोड बोलेल? तिचं नाव, तिचं गाव, तिची भाषा आपण विचारतो का?

बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या लेवा बोलीत बोलत-गात राहिल्या आणि घरातल्यांनी ते ऐकून उतरवून ठेवलं, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी त्यांच्या कवितांचं पुस्तक निघू शकलं. आज त्याच जळगावातल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. बोली कान देऊन ऐकण्याची तीच सवय सेवेतही शिकवता येईल. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अहिराणी आणि लेवा बोलीत शिकवू शकतील अशा निवृत्त परिचारिका तिथे नक्की मिळतील. त्यांना मानधन देऊन वृद्धाश्रमातल्या आणि एजन्सीच्या मुलामुलींसाठी वर्ग घ्यावेत, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. खर्च आपण उचलावा, आणि वर्गाला बसणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार बुडू नये.

तोवर एक काम प्रत्येकाला करता येईल. आईवडिलांविषयी एक पानभर माहिती मराठीत लिहा : त्यांना काय म्हणून हाक मारायची, कुठली बोली बोलतात, दुखलं की काय म्हणतात किंवा काय करतात, कशाची लाज वाटते, देवाचं काय काय करतात, काय खात नाहीत, कशाने शांत होतात. सोबत तुमच्या आवाजात त्यांच्या बोलीतली वीस-पंचवीस रोजची वाक्यं मोबाइलवर बोलून ठेवा. पान पलंगाजवळ लावायला सांगा, आवाज सेवेकरी मुलीला पाठवा. इथल्या नर्सिंग होममध्ये आईवडील असतील तर तेच पान इंग्रजीत करून द्या. भारतात काही अडलं तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तो क्रमांक आईवडिलांच्या फोनमध्ये आजच घाला.

नमुन्याचं पान मंडळाच्या कार्यालयात ठेवलं आहे. वर्गांसाठी वर्गणी देऊ इच्छिणाऱ्यांनी आणि खान्देशातल्या परिचारिकांशी ओळख असणाऱ्यांनी आखाजीच्या आत आम्हाला कळवावं, ही विनंती.

आपला,
संपादक