यात्रेकरूची नऊ गोप्ये

गेल्या कार्तिकीतील गोष्ट. द्वादशीचे पारणे आटोपून सायंकाळी महाद्वाराकडून मठाकडे परतताना एका दुकानातून फुटाण्यांची पुडी घेतली. मठात येऊन ती उलगडली, तो फुटाण्यांखाली एका वृद्ध मातेचा चेहरा! आधारपत्रिकेची ती छायाप्रत होती. नाव, जन्मतारीख, गावचा पत्ता, बारा अंकी क्रमांक, सारे ठळक. शिवाय कोपऱ्यात निळ्या शाईने कोणी भ्रमणध्वनीचा क्रमांकही टिपून ठेवलेला. माऊली मराठवाड्यातील एका खेड्याच्या. कोण्या निवासस्थानाने खोली देताना घेतलेली प्रत रद्दीत गेली असावी आणि रद्दीतून फुटाणेवाल्याच्या हाती पडली असावी.

मी त्या क्रमांकावर फोन लावला. हेतू एवढाच, की घरच्यांना सावध करावे. फोन चिरंजीवांनी उचलला. "आपल्या मातोश्रींच्या आधारची प्रत माझ्या हाती आली आहे," असे म्हणतो न म्हणतो तोच पलीकडून प्रश्न आला, "तुम्ही कोण? नंबर कुठून भेटला तुम्हाला?" मी नाव सांगितले, मठ सांगितला, कीर्तनकार आहे हेही सांगितले. "असंच सांगतात सगळे," असे म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. क्षणभर मनाला लागले. तथापि विचार करता त्यांनी योग्य तेच केले, असेच म्हणावे लागते.

आज आषाढीच्या निमित्ताने या पुरवणीचे पान वाचणाऱ्या घरांतून कोणी ना कोणी वारीत असेल, कोणी चारधामाच्या तयारीत असेल, कोणी २०२७ च्या नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या सिंहस्थाचे बेत आखीत असेल. त्यांच्यापुढे हा विषय मांडावासा वाटतो. नीतिशास्त्रकारांनी मनुष्याने लपवून ठेवावयाच्या नऊ गोष्टी सांगितल्या आहेत. आपले वय, आपला पैसा, घरातील उणेपणा, गुरूने दिलेला मंत्र, दांपत्यजीवन, घेत असलेले औषध, केलेले तप, दिलेले दान आणि सोसलेला अपमान, ही ती नऊ गोप्ये. तरुणपणी पाठशाळेत हे शिकताना वाटे, की वयात लपविण्यासारखे ते काय? आज जन्मतारीख आणि आधारक्रमांक एवढ्या भांडवलावर ठक मनुष्य बँकेचा अधिकारी होऊन बोलू लागतो, तेव्हा शास्त्रकारांची दृष्टी किती दूरची होती हे कळते. आश्चर्य असे, की ही नऊच्या नऊ गोप्ये आज एका हातभर नव्हे, वीतभर यंत्रात एकत्र नांदतात, आणि ते यंत्र घेऊन आपण लाखोंच्या गर्दीत शिरतो.

यात्रेकरूची माहिती टिपून ठेवणे ही काही नवी प्रथा नव्हे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, गया, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून आपल्या घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेल्या आहेत. कोण कधी आले, कोणाबरोबर आले, कोणाचे श्राद्ध केले, घरात कोण जन्मले, हे सारे यजमानाच्या हस्ताक्षरासह तेथे सापडते. वारसाहक्काच्या दाव्यांत न्यायालयांनी अशा वह्यांचा पुरावा विचारात घेतला आहे. पण त्या वहीला एक धनी होता. तो ओळखीचा होता, त्याचे घर ठाऊक होते, आणि कुल व मूळ गाव सांगितल्यावर तो आपल्या घराण्याचे पान काढीत असे. आजच्या छायाप्रतीला असा धनी नाही. ती घेणारा आज गल्ल्यावर असतो, पुढल्या हंगामात नसतो. मला भेद वाटतो तो येथे.

निवासस्थानाने पाहुण्याची ओळख पाहावी आणि नोंदवहीत नाव लिहावे, यात गैर काही नाही. सुरक्षिततेसाठी ते हवेच. परंतु ओळख म्हणजे आधारच, अशी समजूत कोणी करून दिली? वाहनपरवाना किंवा मतदार ओळखपत्र दाखविता येते. आधारच द्यावयाचे झाले तर पहिले आठ अंक झाकून शेवटचे चारच दाखविणारी 'मास्क्ड' प्रत आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढता येते. येथे मे २०२२ मधील एक प्रकरण आठवते. प्राधिकरणाच्या बंगळूर प्रादेशिक कार्यालयाने २७ मे रोजी पत्रक काढले, की आधारची छायाप्रत सरसकट कोणास देऊ नये, झाकलेली प्रत द्यावी. गदारोळ झाला. दोन दिवसांतच, २९ मे रोजी, गैरसमजाची शक्यता सांगून ते पत्रक मागे घेण्यात आले आणि नागरिकांनी नेहमीची दक्षता घ्यावी, असे सांगण्यात आले. माझ्या अल्पमतीला मूळ पत्रकातील सल्ला अधिक शहाणपणाचा वाटतो. नेहमीची दक्षता म्हणजे काय, हे फुटाण्यांखालच्या त्या माऊलीला कोणी समजावून सांगितले होते?

कायद्याचे पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच अंगभूत भाग आहे. (नऊ गोप्ये आणि नऊ न्यायमूर्ती, हा योगायोग कीर्तनकाराला सोडवत नाही.) त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत बहुतांश बंधने लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपल्यावर ती पुसून टाकावी, हे या कायद्याचे तत्त्व उत्तम आहे. पण त्याचा विषय संगणकीय माहिती हा आहे. कागदावर घेतलेली प्रत जोवर संगणकात शिरत नाही, तोवर ती या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. आधार कायद्यात क्रमांक जाहीर प्रसिद्ध करण्यास मनाई आहे खरी. परंतु पुडी बांधणारा काही प्रसिद्धी करीत नसतो! सारांश, आपल्या तीर्थक्षेत्रांतील लॉजच्या, मठांच्या, दिंड्यांच्या कपाटांत जे गठ्ठे पडून आहेत, त्यांच्यापर्यंत या कायद्याचा हात पोहोचत नाही.

आता पैशाचे गोप्य. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने खास यात्रेकरूंना उद्देशून इशारा दिला होता. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची तिकिटे, चारधामातील विश्रामगृहे, सोमनाथचे अतिथिगृह, यांच्या नावाने हुबेहूब खोटी संकेतस्थळे उभारून भाविकांचे पैसे हडपले जात असल्याचे त्यात म्हटले होते. त्या हेलिकॉप्टर सेवेची नोंदणी २०२३ पासून आयआरसीटीसीच्या अधिकृत संकेतस्थळाकडे सोपविली गेली आहे. तरीही शोध घेताना जे नाव प्रथम दिसते त्यावरच आपण बोट ठेवतो, आणि ते प्रथम दिसणारे नाव पुष्कळदा पैसे मोजून तेथे बसविलेली जाहिरात असते. देवस्थानाचा पत्ता देवस्थानाच्याच पावतीवरून वा पत्रिकेवरून घ्यावा. दानपेटीशेजारी लावलेल्या चौकटीवर फोन धरून देणगी देताना पडद्यावर उमटणारे नाव न्यासाचे आहे की कोण्या एका व्यक्तीचे, हे वाचल्यावाचून गुप्त अंक दाबू नयेत. आणि पैसे येणार असतील तर पिन टाकावा लागत नाही, हे घरातील आजी-आजोबांना यात्रेपूर्वी दहा वेळा सांगावे. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या तासा-दोन तासांत कळविल्यास रक्कम मध्येच रोखली जाण्याची आशा अधिक असते.

वाळवंटातील राहुट्यांत फळीवर चाळीस-पन्नास फोन विजेला लावून ठेवलेले दिसतात. कोणाचा कोणता, हे मांडणाऱ्यालाही ठाऊक नसते. तिरुमला, जगन्नाथपुरी अशा क्षेत्री तर फोन बाहेर ठेवूनच दर्शनास जावे लागते. अशा वेळी फोनला कुलूप हवे, आणि तेवढ्याने भागत नाही. कुलूपबंद पडद्यावरही आलेला ओटीपी वाचता येतो, तो दिसणे बंद करून ठेवावे. तिऱ्हाइताच्या हाती यंत्र देण्यापेक्षा ते संपूर्ण मिटवून द्यावे. हरवलेल्या फोनचे कार्य थांबविण्याची सोय मे २०२३ पासून दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर देशभर उपलब्ध झाली; त्यासाठी लागणारा यंत्राचा क्रमांक *#०६# दाबून आधीच घरच्या वहीत उतरवून ठेवावा.

घरातील उणेपणाबद्दल थोडेच सांगतो. "सहकुटुंब पंढरीस चाललो, आठ दिवसांनी भेटू" असे व्हॉट्सॲपवर लावणे म्हणजे दाराला लावलेल्या कुलपाची दवंडी पिटणे होय. पूर्वी आपण शेजाऱ्याच्या कानात सांगून निघत होतो. आजही एका मुलाला वा सुनेला आपले ठिकाण कळत राहावे इतकी सोय त्याच यंत्रात आहे. तीही एक तास किंवा आठ तास अशी मुदत घालून. छायाचित्रे परतल्यावर दाखवावीत. भक्तीचे पुण्य उशिरा दाखविल्याने घटत नाही.

येथवर आपल्या स्वतःच्या गोप्यांचा विचार झाला. आता जे सांगावयाचे त्याने मन अधिक विषण्ण होते. २०२५ च्या महाकुंभात प्रयागराजला संगमावर स्नान करणाऱ्या स्त्रियांची चित्रे चोरून टिपून ती समाजमाध्यमांवर टाकण्याचे, इतकेच नव्हे तर विकण्याचेही प्रकार उघडकीस आले. त्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेश पोलिसांनी अशा खात्यांवर गुन्हे नोंदविले. भारतीय न्याय संहितेचे ७७ वे कलम आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६ ई हे कलम अशा कृत्यांसाठी आहे. मात्र दोहोंत, स्त्रीला आडोशाची रास्त अपेक्षा होती का, असा प्रश्न उपस्थित होतो. उघड्या घाटावर त्या अपेक्षेची मर्यादा कोठवर, यावर वकील वाद घालीत बसतील. आमच्या चंद्रभागेच्या काठी हा वाद कधी नव्हता. माझ्या आईच्या वेळी बायका स्नानास उतरल्या की दोघीजणी लुगडे धरून आडोसा करीत आणि घाटावरचा पुरुष, ओळखीचा असो वा अनोळखी, तोंड फिरवून बसे. त्याला कलम ठाऊक नव्हते. तो तोंड फिरवी, म्हणून घाट उघडा असूनही त्या बायकांना आडोसा होता.

चोरून टिपणारा तर नीच खराच. परंतु आपले काय? आपल्या नातवाचे स्नान टिपताना मागे उभी असलेली ओलेती परस्त्री त्या चित्रात येते, आणि ते चित्र आपण चाळीस जणांच्या गटात पाठवून मोकळे होतो. आपला हेतू शुद्ध असतो. चित्र मात्र हेतू बरोबर घेऊन पुढे जात नाही. वाळवंटात, घाटावर, वस्त्रे बदलण्याच्या जागी यंत्र खिशाबाहेर काढूच नये, असा नियम दिंडीच्या विणेकऱ्यांनी नि मठाधिपतींनी स्वतःहून घालावा. सिंहस्थाची वाट पाहू नये.

याच यंत्राने हरवलेले माणूस सापडते, हेही मी विसरत नाही. प्रयागला १९४६ साली राजाराम तिवारी यांनी चुकलेल्या यात्रेकरूंसाठी 'भूले-भटके शिबिर' सुरू केले. आता त्या कामी संगणक आणि चेहरे ओळखणारे कॅमेरेही आले. त्यांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. पण चुकलेल्या आजीला घरी पोहोचविण्यास तिच्या पिशवीत मुलाचा फोन क्रमांक आणि गावाचे नाव लिहिलेली चिठ्ठी पुरते. तिच्या गळ्यात आधारची लॅमिनेट केलेली प्रत अडकवून तिला गर्दीतून फिरविण्याचे प्रयोजन नाही. अशा कित्येक आजी मी दरवर्षी पाहतो.

हे सारे लिहिण्याचा अधिकार मला आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. ती पुडी उलगडली त्याच रात्री मठातील लाकडी कपाट उघडले. आमच्याकडे उतरणाऱ्या दिंड्यांतील वारकऱ्यांच्या आधारप्रती आम्हीही घेत होतो. कोणी मागितल्या होत्या, हे आता आठवत नाही. सगळे घेतात म्हणून आम्ही घेतल्या. सुतळीने बांधलेले सहा वर्षांचे गठ्ठे निघाले. वरच्या गठ्ठ्याला वाळवी लागली होती, आणि मधल्या एकाची सुतळी सुटून अर्ध्या प्रती कोठे गेल्या, ते आमच्या व्यवस्थापकांनाही सांगता येईना. त्या फुटाण्यांच्या कागदावर मठाचा शिक्का नव्हता, तसा तो आमच्या प्रतींवरही नव्हता.

उरलेल्या प्रती फाडावयास आम्हा तिघांना दोन रात्री लागल्या. यंदा आषाढीला दिंडीप्रमुखांकडून केवळ नाव, गाव आणि एका नातेवाइकाचा फोन क्रमांक इतकेच वहीत लिहून घेत आहोत. ओळखपत्र पाहतो आणि परत देतो. वही माझ्या उशाशी असते, आणि तिची किल्ली जानव्याला बांधली आहे.