मेथीच्या जुडीवर कसली मर्दुमकी?



पगार झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आपल्या रेल्वे आणि पोस्टाच्या वसाहतींत एक न जाहीर केलेली स्पर्धा असते. बाजारातून कोणी किती स्वस्त आणले, ही ती स्पर्धा. "वीसची जुडी बाराला आणली, वर कोथिंबीर फुकट!" हे सांगताना आपल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो महागाई भत्त्याचा हप्ता जाहीर झाला तरी दिसत नाही. जणू रेल्वे बोर्डाशी वाटाघाटी जिंकून आला!

पण आठ रुपये कोणाचे कापले, याची चौकशी कोणी करत नाही.

मॉलमध्ये आपण घासाघीस करत नाही. तिथे छापील चिठ्ठी येते आणि आपण मुकाट्याने पैसे मोजतो. डबाबंद पिठाच्या, साबणाच्या, मोबाईल रिचार्जच्या किमतीवर आपण अवाक्षर काढत नाही. आपली जीभ तेज होते ती जमिनीवर गोणपाट टाकून बसलेल्या माणसासमोर. आणि शेतकरी बाजारात तर समोर दलालही नसतो. ज्याने पेरले, खुरपले, पहाटे काढले, तोच तागडी धरून बसलेला असतो.

हे बाजार कशासाठी निघाले, ते आठवावे. पंजाबात १९८७ साली 'अपनी मंडी' सुरू झाली. संयुक्त आंध्र प्रदेशात २६ जानेवारी १९९९ रोजी 'रयतु बाजार' आला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मदुराईला 'उळवर संदै' उघडला. महाराष्ट्रातही संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार भरतात. हेतू सगळीकडे एकच. मधला अडत्या वगळावा, शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळावेत आणि गिऱ्हाइकाला दोन पैसे कमी पडावेत. नांदेड, परभणी, पूर्णेहून बदली होऊन सिकंदराबादला, काचीगुड्याला गेलेल्या आपल्या मंडळींना रयतु बाजार चांगला ठाऊक आहे. (नाव तेलुगू असले तरी शब्द आपल्या 'रयते'चाच.) तिथे सकाळी भाव ठरतो आणि फलकावर लिहिला जातो. घाऊक भावापेक्षा थोडा वर, किरकोळ दुकानापेक्षा बराच खाली. म्हणजे सवलत तुम्हाला आधीच दिलेली असते. त्या फलकाखाली उभे राहून आणखी पाच रुपये पाडणारा कामगार आणि ठरलेल्या किमान वेतनाच्या कागदावर सही घेऊन हातात कमी पैसे टेकवणारा कंत्राटदार, या दोघांत फरक कोणता, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

आपला पैसा कुठे जातो, तेही बघू. रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की ग्राहकाने मोजलेल्या एका रुपयातले टोमॅटोच्या शेतकऱ्याला सुमारे ३३ पैसे, कांद्याच्या शेतकऱ्याला ३६ आणि बटाट्याच्या शेतकऱ्याला ३७ पैसे मिळतात. उरलेले दोन तृतीयांश आडत, हमाली, वाहतूक, नासाडी आणि नफ्यात जातात. महागाईवर संतापायचे तर त्या दोन तृतीयांशावर संतापा. आपण मात्र ३३ पैसेवाल्याच्या हातातले ३ पैसे हिसकावून घरी येतो आणि त्याला काटकसर म्हणतो.

शिवाय आपल्याच नावाने त्याच्यावर सरकारी वरवंटा फिरतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि लासलगावला लिलाव बंद पडले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठवली. शुल्क पूर्णपणे जायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. प्रत्येक वेळी कारण एकच सांगितले गेले: ग्राहकाला कांदा महाग पडू नये. हा ग्राहक म्हणजे कोण? तुम्ही आणि मी! आपल्याला विचारले होते का कोणी? विचारले असते तर आपण सांगितले असते की मायबाप, आमच्या ताटाची एवढी काळजी असेल तर आमचा थकलेला भत्ता द्या.

होय, थकलेला भत्ता. १ जानेवारी २०२०, १ जुलै २०२० आणि १ जानेवारी २०२१ असे तीन हप्ते सरकारने कोरोनाचे कारण सांगून गोठवले. १७ टक्क्यांचे २८ टक्के झाले ते थेट जुलै २०२१ मध्ये आणि मधल्या १८ महिन्यांची थकबाकी दिली नाही. ज्याचे मूळ वेतन १८,००० रुपये, त्याचा हिशोब करा. पहिले सहा महिने ४ टक्के, पुढचे सहा ७ टक्के, शेवटचे सहा ११ टक्के. एकूण बुडाले २३,७६० रुपये. आता भाजीचा हिशोब. सातव्या वेतन आयोगाने किमान वेतन काढताना डॉ. आयक्रॉइड यांचे सूत्र लावले, त्यात तीन घटकांच्या कुटुंबाला महिन्याला २७ किलो भाजी धरली आहे. किलोमागे ५ रुपये पाडले तरी महिन्याचे १३५ होतात, वर्षाचे १,६२०. म्हणजे जे एका परिपत्रकाने गेले, ते शेतकऱ्याकडून वसूल करायला साडेचौदा वर्षांहून जास्त काळ दर रविवारी भांडावे लागेल! एवढी चिकाटी आपण गेट मीटिंगला दाखवली असती तर? गेट मीटिंगला माणसे मोजकी आणि भाजीबाजारात गर्दी, हे चित्र प्रत्येक शाखा सचिवाच्या परिचयाचे आहे.

जुन्या लोकांना हे वेगळे सांगावे लागत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेल्वेने कामगारांसाठी धान्याची दुकाने चालवली आणि सवलतीत दाणागोटा दिला. ८ मे १९७४ ला सुरू झालेल्या आपल्या ऐतिहासिक संपाच्या मागण्यांत बोनस आणि गरजेवर आधारित वेतनाबरोबर एक मागणी होती: खात्याच्या दुकानांतून स्वस्त दराने पुरेसे धान्य व गरजेच्या वस्तू मिळाव्यात. नीट वाचा. स्वस्ताई मागितली ती मालकाकडे, शेतकऱ्याकडे नाही. कामगाराचे पोट स्वस्तात भरले की मालकाला पगार कमी द्यावा लागतो. त्या स्वस्ताईचा भार मालकाने उचलावा की कुणब्याने, हा खरा प्रश्न आहे आणि १९७४ च्या लोकांनी तो बरोबर सोडवला होता.

आपल्याला वर्षातून दोनदा महागाई भत्ता आहे, अपुरा का होईना. सिमल्याचा लेबर ब्युरो ८८ केंद्रांतल्या ३१७ बाजारांतून भाव गोळा करतो आणि त्यावरून आपला निर्देशांक निघतो. भेंडीवाल्याला कोणता निर्देशांक आहे? केंद्राच्या हमीभावाच्या यादीत भाजीपाला नाही. केरळने १ नोव्हेंबर २०२० पासून १६ पिकांना उत्पादन खर्चाच्या २० टक्के वर आधारभाव दिला, म्हणजे इच्छा असेल तर करता येते. बाकीच्या ठिकाणी संध्याकाळ झाली की मेथी मान टाकते आणि शेतकरीही. रोजंदारीवाल्याचा गेलेला दिवस उद्या विकता येत नाही, तशीच ती मेथी. एकेकट्याने थांबून भाव मिळत नाही, म्हणून तर आपण युनियन काढली. त्या असहायतेचा फायदा आपणच उठवायचा?

पोस्टातल्या बंधूंना तर हे अधिक लागू आहे. ग्रामीण डाक सेवकाला नेमतानाच खाते अट घालते की उपजीविकेचे दुसरे साधन हवे. हे दुसरे साधन बहुतेकांच्या बाबतीत दोन-तीन एकर जमीन असते. २०१८ च्या सुधारणेनंतर चार तासांच्या डाक सेवकाचा मूळ भत्ता १०,००० रुपये ठरला. सकाळी टपाल वाटणारा आणि रविवारी वांगी विकणारा माणूस एकच असू शकतो. ट्रॅकवरच्या आपल्या मेंटेनरच्या घरी जाऊन विचारा, भाऊ काय करतो म्हणून. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली तेव्हा तिला हिरवी झेंडी दाखवणारे, तिचे डबे तपासणारेही आपणच होतो.

काही मित्र म्हणतील, सगळ्यांचे पगार सारखे नाहीत. कबूल आहे. फलाट झाडणाऱ्या कंत्राटी बाईने दोन रुपयांसाठी हुज्जत घातली तर तिला बोल लावायचा अधिकार मला नाही, तिचा भत्ता मिळवून देण्यात आपणच कमी पडलो. बाजार उठताना शेतकरी स्वतःच भाव उतरवून हाक देतो, तेव्हा जरूर घ्या, त्याचाही माल सुटतो. माझे भांडण आहे ते पक्क्या नोकरीतल्या, मोटारसायकल उभी करून दहा रुपयांचे सात करणाऱ्या आपल्या माणसाशी.

तेव्हा शाखांनी दोन ठराव करावेत. पहिला, बुडालेल्या १८ महिन्यांच्या भत्त्याची मागणी पुन्हा अजेंड्यावर घ्यावी. दुसरा, वसाहतीतली मोकळी जागा आठवड्यातून दोन संध्याकाळी जवळच्या शेतकऱ्यांना विनाभाडे मिळावी, तिथे पाणी, दिवा आणि भावफलक असावा, आणि कंत्राटी कामगारांनाही तिथे मज्जाव नसावा, असा अर्ज प्रशासनाला द्यावा. अर्जाचा नमुना मराठी आणि हिंदीत तयार आहे. शाखा सचिवांनी मागवून घ्यावा आणि फलकावरच्या भावाखाली कोणी मागणार नाही, एवढे सभासदांकडून आधी वदवून घ्यावे.