विश्लेषण : मेडिकलमधील फार्मासिस्टची खरी परीक्षा कधी होणार?

डॉक्टरांची चिठ्ठी हाती पडली की पुढची पायरी म्हणजे गल्लीतले मेडिकल. सर्दी-तापासाठी तर अनेक जण थेट तिथेच जातात. चिठ्ठीतली चूक रुग्णाच्या पोटात जाण्याआधी पकडण्याची शेवटची संधी फार्मासिस्टकडे असते. ती पकडण्याइतका तो तयार आहे का, हे मात्र आपल्याकडे क्वचितच तपासले जाते.

कायदा काय सांगतो?

१९४८च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णांना दिलेली औषधे याला अपवाद. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने रुग्णाला औषधाची माहिती समजावून सांगणे हेही त्याचे काम ठरवले.

तपासले काय जाते?

परवाना, प्रमाणपत्र, बिले, शेड्यूल एच-१ औषधांची नोंदवही, फ्रिज. हे हवेच. प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर दुसराच, हा प्रकार अशाच तपासणीत उघड होतो. पण कागद चोख म्हणजे काम चोख असे नव्हे. डी. फार्म झालेल्यांसाठी २०२२च्या नियमांनी नोंदणीपूर्व एक्झिट परीक्षा आणली. तीन पेपर आणि प्रत्येकात किमान ५० टक्के गुण, अशी तिची अट. पाऊल योग्यच, पण परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची आणि एकदाच द्यायची. पुढे नूतनीकरणासाठी उजळणी वर्ग आहेत. तिथे हजेरी मोजली जाते, कौशल्य नाही.

कमी कुठे पडते?

मेथोट्रेक्सेटचे उदाहरण घ्या. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते; चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. पेपरात योग्य पर्यायावर खूण करणे सोपे. समोरच्या आजींना ‘फक्त सोमवारी, रोज नाही’ असे सांगणे, पाकिटावर तसे लिहिणे आणि त्यांच्याच तोंडून ते पुन्हा वदवून घेणे, ही खरी कसोटी.

इतर देशांत काय होते?

कॅनडाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीशी उमेदवाराला प्रत्यक्ष बोलावे लागते. ब्रिटनमध्ये २०१८ पासून फार्मासिस्टला दरवर्षी आपण काय शिकलो याच्या नोंदी आणि सहकाऱ्याशी केलेल्या चर्चेची माहिती द्यावी लागते.

आपल्याकडे काय शक्य आहे?

नूतनीकरणाच्या वेळी अर्ध्या तासाची प्रात्यक्षिक परीक्षा राज्य फार्मसी परिषद स्थानिक महाविद्यालयांच्या मदतीने घेऊ शकते. चार-पाच प्रसंग पुरेत : चिठ्ठीविना अँटिबायोटिक मागणारा ग्राहक, नावात साधर्म्य असलेली दोन औषधे, पहिल्यांदाच इन्हेलर वापरणारा दमेकरी. आणि ही परीक्षा मराठीतूनच हवी, कारण काउंटरवरचे बोलणे मराठीतूनच होते.

फार्मासिस्टांची बाजूही खरी आहे. ग्राहक घाईत, चिठ्ठीवरचे अक्षर अगम्य, पगार तुटपुंजा आणि सल्ल्याला वेगळा मोबदला नाही. म्हणून कमी पडणाऱ्याला आधी प्रशिक्षण मिळावे, कारवाई नंतर. मात्र परीक्षाच नको, हे रुग्णांना परवडणारे नाही.

तोवर ग्राहकाने तीन प्रश्न जरूर विचारावेत : हे औषध कशासाठी, कधी आणि किती घ्यायचे, आधीच्या औषधांबरोबर चालेल का? उत्तर देणारा फार्मासिस्टच आहे ना, हेही विचारायला संकोच नको.