कुलपातील खोट आणि पहारेकरी

घराच्या कुलपात खोट आहे हे पहारेकऱ्यास कळले, तर त्याने ते घरमालकास सांगावे की स्वतःच्या उपयोगासाठी मनात ठेवावे? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे चुकलेले उत्तर २०१७ साली जगाला भोवले, आणि त्यापासून घ्यावयाचा धडा अद्याप पुरता घेतला गेलेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत संगणकांनी आपापसांत फायलींची देवघेव करण्याची एक जुनी व्यवस्था होती. आलेल्या मजकुरास स्मृतीत किती जागा लागेल, याचा हिशेब तीत एके ठिकाणी चुकत असे. शेरभराच्या भांड्यात दोन शेर दूध ओतावे, तसा मजकूर शेजारच्या जागेत सांडे. आणि जाणता चोर त्या सांडण्यातूनच यंत्राचा ताबा मिळवी. ह्या दोषावर घडविलेले 'इटर्नलब्ल्यू' हे हत्यार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरीस गेले, असे खुद्द मायक्रोसॉफ्टनेच जाहीरपणे म्हटले. १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती प्रसिद्ध झाली. १४ एप्रिलला हत्यार चव्हाट्यावर आले. १२ मे रोजी 'वॉनाक्राय'चा हल्ला झाला आणि इंग्लंडमधील इस्पितळांना हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. २७ जूनला 'नॉटपेट्या'ने तेच हत्यार उचलले, तेव्हा झळ मुंबईलगतच्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलपर्यंत पोहोचली.

दुरुस्ती हाताशी असूनही ती न करणाऱ्या कार्यालयांची हयगय आम्ही झाकू इच्छीत नाही. शत्रूवर नजर ठेवण्यास अशी गुपिते लागतात, हा शासनांचा युक्तिवादही अगदीच टाकाऊ नव्हे. परंतु तलवार एकाच्याच हाती असते; सदोष कुलूप मात्र मित्र आणि शत्रू दोघांच्याही दारावर असते.

अमेरिकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये असे दोष उघड करावेत की राखावेत, हे ठरविण्याची आपली कार्यपद्धती प्रसिद्ध केली. आपल्या देशात एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये संस्थांनी सायबर घटना सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक झाले. ते योग्यच आहे. मात्र नागरिकांकडून ज्या तत्परतेची अपेक्षा करावयाची, तिचे बंधन शासनाने स्वतःवरही घालून घ्यावयास हवे. पहारेकऱ्याने गुपिते अवश्य राखावीत. पण घरमालकाच्या जिवावर नव्हे.