विश्लेषण : जुन्या जपानी व्हिस्कीचा रास्त भाव कोणता? तो मोजायचा कसा?

यामाझाकी या जपानी डिस्टिलरीची ५५ वर्षे मुरवलेली व्हिस्की २०२० मध्ये बाजारात आली. बाटल्या होत्या अवघ्या १००. कंपनीने एका बाटलीची किंमत कर वगळून ३० लाख येन ठेवली आणि ग्राहक सोडतीने निवडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाँगकाँगच्या लिलावात यातील एका बाटलीला ६२ लाख हाँगकाँग डॉलर, म्हणजे जवळपास आठ लाख अमेरिकी डॉलर मिळाले. काही महिन्यांत भाव पंचवीस पटींहून अधिक झाला. हे टोकाचे उदाहरण असले तरी १२ किंवा १८ वर्षांच्या साध्या बाटलीबाबतही जपानी दुकानात उभ्या राहिलेल्या ग्राहकाला हाच प्रश्न पडतो. यातला खरा भाव कोणता?

एकाच बाटलीचे तीन भाव कसे?

भारतीय ग्राहकाला ‘एमआरपी’ची सवय असते. वेष्टनावरील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणे येथे कायद्याने गुन्हा आहे. जपानमध्ये तसे नाही. कंपनी जाहीर करते ती केवळ ‘सुचवलेली’ किरकोळ किंमत असते. दुकानदार त्याहून कितीही जास्त भाव लावू शकतो. त्यामुळे एकाच बाटलीला कंपनीने सुचवलेला भाव, दुकानातील चढा भाव आणि लिलावातील भाव असे तीन भाव असतात.

सन्टोरी कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या सुचवलेल्या किमती वाढवल्या. कर वगळून यामाझाकी १२ वर्षे १० हजारांवरून १५ हजार येन, यामाझाकी १८ आणि हिबिकी २१ प्रत्येकी ३२ हजारांवरून ५५ हजार येन, तर यामाझाकी २५ आणि हिबिकी ३० एक लाख ६० हजारांवरून थेट तीन लाख ६० हजार येन. एक येन साधारण ५५ ते ६० पैशांचा धरला तर १८ वर्षांची बाटली तीस हजार रुपयांच्या आसपास जाते. दुकानात मात्र ती या भावाने क्वचितच दिसते. ग्राहकाने पहिली गोष्ट करावी ती ही की, समोरच्या बाटलीचा सध्याचा सुचवलेला भाव कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. आपण व्हिस्कीचे किती आणि टंचाईचे किती पैसे देत आहोत, हे त्याशिवाय कळत नाही.

ही टंचाई आली कोठून?

मासाताका ताकेत्सुरू हा तरुण १९१८ मध्ये व्हिस्कीचे तंत्र शिकण्यासाठी स्कॉटलंडला गेला. परतल्यावर शिंजिरो तोरी यांच्यासाठी त्याने क्योतोजवळ यामाझाकी येथे जपानची पहिली माल्ट व्हिस्की डिस्टिलरी उभारली. बांधकाम १९२३ मध्ये सुरू झाले. पुढे १९३४ मध्ये ताकेत्सुरू यांनी होक्काइदोतील योइची येथे स्वतःची कंपनी काढली, तीच आजची निक्का. युद्धानंतर जपानमध्ये व्हिस्कीचा खप वाढत गेला. मात्र १९८३ नंतर तो घसरू लागला आणि ही घसरण सुमारे पाव शतक चालली. कारुइझावा आणि हान्यू या डिस्टिलरींतील उत्पादन २००० मध्ये थांबले. हान्यूची पिंपे तर टाकून देण्याची वेळ आली होती. संस्थापक घराण्यातील इचिरो अकुतो यांनी त्यातली सुमारे ४०० पिंपे वाचवली आणि पत्त्यांची चित्रे असलेल्या ५४ बाटल्यांची मालिका काढली. तो संपूर्ण संच २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात ७१ लाखांहून अधिक हाँगकाँग डॉलरला गेला.

मागणी परतली ती अचानक. योइची १० ला २००१ मध्ये ‘व्हिस्की मॅगझिन’ने सर्वोत्तम ठरवले. सन्टोरीने २००८ नंतर सोडा घालून पिण्याच्या ‘हायबॉल’चा जोरदार प्रचार केला. समीक्षक जिम मरे यांनी २०१५ च्या आपल्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये यामाझाकीच्या शेरी कास्क २०१३ ला जगातील सर्वोत्तम व्हिस्की म्हटले आणि जगभरातील ग्राहक धावले. परंतु व्हिस्की मागणीनुसार रातोरात बनत नाही. आज १८ वर्षांची म्हणून बाटलीत भरली जाणारी व्हिस्की पिंपात गेली ती २००७-०८ च्या सुमारास, म्हणजे खप तळाला असताना. तेव्हा जे बनलेच नाही, ते आज कितीही पैसे मोजले तरी निर्माण होणार नाही. निक्काने २०१५ मध्ये योइची आणि मियागिक्योच्या वय लिहिलेल्या बाटल्या बंद केल्या. सन्टोरीने २०१८ मध्ये हाकुशू १२ आणि हिबिकी १७ थांबवल्या, त्या याच कारणाने.

त्यात पिंपातून दरवर्षी काही भाग हवेत उडून जातो. स्कॉटलंडमध्ये हे प्रमाण वर्षाला सुमारे दोन टक्के धरतात. त्या हिशेबाने २५ वर्षांत पिंपातला जवळपास ४० टक्के माल नाहीसा होतो. जुन्या व्हिस्कीची किंमत वयाच्या पटीत न वाढता त्याहून वेगाने वाढते, यामागे हे एक रास्त कारण आहे.

लेबलवर काय वाचावे?

लेबलवरील वय हे मिश्रणातील सर्वात कोवळ्या व्हिस्कीचे असते. बाटलीत भरल्यावर व्हिस्की मुरत नाही. १९९० मध्ये घेतलेली १२ वर्षांची बाटली आजही १२ वर्षांचीच आहे. ती दुर्मीळ असेल, पण अधिक मुरलेली नाही. विक्रेते या दोन गोष्टींची गल्लत करून भाव सांगतात, तेव्हा ग्राहकाने सावध व्हावे.

दुसरा प्रश्न ‘जपानी’ या शब्दाचा. जपानच्या कायद्यात परदेशातून आणलेली व्हिस्की मिसळून ती जपानमध्ये बाटलीबंद करण्यास मनाई नाही. त्यामुळे जपानी लिपी, जपानी नाव आणि आत मुख्यतः आयात केलेला माल अशा बाटल्या अनेक वर्षे विकल्या गेल्या. तेथील मद्य उत्पादक संघटनेने २०२१ मध्ये नियम केले आणि ते १ एप्रिल २०२४ पासून पूर्णपणे लागू झाले. धान्य भिजवण्यानंतरची प्रक्रिया, आंबवणे आणि ऊर्ध्वपातन जपानमध्येच व्हावे, पाणी जपानमधलेच असावे, किमान तीन वर्षे जपानमध्येच लाकडी पिंपात मुरवावे, बाटलीत भरणेही तेथेच व्हावे, अशा अटी आहेत. मात्र हे नियम संघटनेच्या सदस्यांपुरते आहेत, तो कायदा नव्हे. नामवंत कंपन्यांच्याही काही लोकप्रिय बाटल्या या व्याख्येत बसत नाहीत. त्या वाईट असतात असे नाही, पण त्यांना जुन्या जपानी व्हिस्कीचा भाव देण्याचे कारण नाही. अनोळखी नाव, मोठे वय आणि डिस्टिलरीचा उल्लेख नाही, असे तिन्ही एकत्र दिसले तर बाटली खाली ठेवावी.

कंपनीच्या भावात बाटली मिळते का?

मिळते, पण त्यासाठी नशीब आणि चिकाटी लागते. जपानमधील मोठी दुकाने, अगदी बिक कॅमेरासारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या साखळ्याही मद्यविक्री करतात आणि दुर्मीळ बाटल्या सोडतीने विकतात. अनेक ठिकाणी दुकानाचे सदस्यत्व, आधीच्या खरेदीची नोंद किंवा जपानमधला पत्ता अशा अटी असतात. त्यामुळे आठवडाभरासाठी गेलेल्या पर्यटकाला ही वाट बहुतेक बंदच असते. जपानमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांना मात्र ती खुली आहे. डिस्टिलरीची भेट हा दुसरा मार्ग. यामाझाकीच्या भेटीसाठी आगाऊ नोंदणी लागते आणि तिथेही सोडत असते. तिसरा मार्ग पर्यटनस्थळांपासून दूरच्या गावांतील जुन्या मद्य दुकानांचा. तेथे कधी तरी साध्या भावाची बाटली सापडते, पण आता दुकानदारही लिलावातले भाव मोबाइलवर पाहत असतात.

लिलावातील आकडा कसा वाचावा?

वृत्तपत्रांत येतात ते विक्रमी आकडे. ग्राहकाला उपयोग असतो तो नेहमीच्या आकड्यांचा. ऑनलाइन व्हिस्की लिलाव करणाऱ्या बहुतेक संस्था जुन्या विक्रीचे भाव खुले ठेवतात. त्याच बाटलीचे, त्याच मापाचे आणि त्याच काळातील लेबलचे गेल्या सहा महिन्यांतील पाच-सहा भाव पाहावेत. सर्वात वरचा आणि सर्वात खालचा सोडून उरलेल्यांचा मध्य काढावा. त्यात खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क मिळवावे. मोठ्या लिलावगृहांत ते बोलीच्या पाव हिश्शाच्याही पुढे जाते. शिवाय कर, विमा आणि वाहतूक. ही बेरीज झाली की दुकानदाराचा भाव वाजवी आहे की नाही, ते कळते. हमी देणाऱ्या, पावती देणाऱ्या दुकानाने थोडे जास्त मागितले तर ते समजण्यासारखे आहे. दुप्पट मागितले तर नाही.

भाव वरच जातो, हा समजही सोडायला हवा. यामाझाकी ५५ ची एक बाटली जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सहा लाख डॉलरला गेली, म्हणजे २०२० च्या विक्रमापेक्षा जवळपास दोन लाख डॉलर कमी. त्यानंतर दुर्मीळ व्हिस्कीच्या एकूणच लिलाव बाजारात मंदी आली. गुंतवणूक म्हणून चढ्या भावात घेतलेल्या अनेक बाटल्या आज तेवढ्याला विकत नाहीत. पिण्यासाठी घेणाऱ्याला मात्र घाई न करण्याचा फायदा मिळू शकतो.

बनावट बाटल्यांचा धोका किती?

जपानमध्ये यामाझाकी, हिबिकीच्या रिकाम्या बाटल्या आणि खोकीही ऑनलाइन विकली जातात. हिबिकीची २४ पैलूंची बाटली शोभेसाठी घेणारेही असतात, पण रिकामी बाटली पुन्हा भरण्याचा धोका उघड आहे. स्कॉच व्हिस्कीबाबत २०१८ मध्ये स्कॉटलंडमधील प्रयोगशाळेत ५५ दुर्मीळ बाटल्या तपासल्या गेल्या. त्यातल्या २१ बनावट किंवा सांगितलेल्या वर्षाच्या नसलेल्या निघाल्या. जपानी बाटल्यांचे भाव वाढल्यावर तोच मोह येथेही आहे.

त्यामुळे बुचावरील वेष्टन अखंड आहे का, लेबलची छपाई स्वच्छ आहे का, आतील पातळी वयाच्या मानाने संशयास्पद कमी नाही ना, हे पाहावे. खोके असणे हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे. सर्वात मोठा पुरावा म्हणजे बाटली कोणाकडून कोणाकडे गेली याची नोंद आणि पावती. बाजारभावापेक्षा निम्म्यात मिळणारी बाटली ही बहुधा संधी नसते.

मग पेला हाच रास्त मार्ग?

बऱ्याच जणांसाठी होय. जपानमधील बारमध्ये साधारण ३० मिलिलिटरचा एक पेला मिळतो. अनेक ठिकाणी त्याच्या निम्माही मागता येतो. हिशेब सोपा आहे. ७०० मिलिलिटरच्या बाटलीतून असे २३ पेले निघतात. यामाझाकी १८ च्या २०२४ मधील ५५ हजार येन या सुचवलेल्या भावाने एका पेल्यातील व्हिस्की सुमारे २,४०० येनची होते आणि १२ वर्षांची सुमारे ६५० येनची. बारचे भाडे, कर्मचारी, नफा धरून याच्या दुप्पट-तिप्पट भाव असेल तर तो रास्तच म्हणायचा. काही बार बसण्याचे वेगळे शुल्क घेतात, ते आधी विचारून घ्यावे. डिस्टिलरींतील सशुल्क चाखण्याच्या दालनांत तर याहून स्वस्तात जुनी व्हिस्की चाखता येते. बनावटीचा धोका कमी आणि न आवडल्यास नुकसान एका पेल्याचे.

भारतात आणताना काय लक्षात ठेवावे?

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येते. ७०० मिलिलिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात. तिसरी घेतली की २.१ लिटर होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. जपानला जाऊन येणाऱ्या पर्यटकांची चूक होते ती नेमकी येथे. आयात मद्यावर भारतात मोठे सीमाशुल्क आहे. लिलावातून बाटली थेट घरी मागवण्याचा विचार असेल तर शुल्काबरोबर राज्याच्या परवानगीचाही प्रश्न येतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य विकणे गुन्हा आहे. समाजमाध्यमांवरील गटांत ‘मित्राने आणलेली बाटली’ विकत घेणारा पैसे तर गमावू शकतोच, शिवाय त्याला दाद मागायलाही जागा राहत नाही. राज्यात व्हिस्कीसारखे मद्य पिण्यासाठी परवाना आणि वयाची २५ वर्षे पूर्ण असण्याची अट आहे, तीही विसरून चालणार नाही.

पुढे भाव उतरतील का?

जपानमध्ये आज शंभराहून अधिक व्हिस्की डिस्टिलरी आहेत आणि जुन्या कंपन्यांनीही उत्पादन वाढवले आहे. गेल्या दशकात पिंपात गेलेला माल यथावकाश १२ आणि १८ वर्षांचा होईल. तेव्हा या वयाच्या बाटल्यांची टंचाई कमी होण्याची शक्यता आहे. हान्यू आणि कारुइझावाची मूळ व्हिस्की मात्र संपत जाणार, तिचा भाव संग्राहकच ठरवतील. म्हणून ग्राहकाने आधी स्वतःलाच विचारावे, बाटली कपाटात ठेवायची आहे की चव घ्यायची आहे? कपाटासाठी लिलावाचा भाव मोजावा लागतो. चवीसाठी तो मोजण्याची गरज नसते.