दोन हातांची वही

फराळाच्या ताटाबरोबर आमच्या घरी दरवर्षी एखादा वाद वाढलेला असतोच. यंदाचा वाद पुतण्याने आणला. चिरंजीव पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहेत. चकली मोडता मोडता ते म्हणाले, "काका, बाबांची आणि तुमची ब्रँच आता मर्ज करायला हवी."

त्याचे असे झाले. आईच्या तोंडचे रत्नागिरीकडचे शब्द दादा नागपुरास आणि मी ठाण्यास बसून टिपून ठेवीत होतो. एकाचे लिहिलेले दुसऱ्याच्या हातून पुसले जाऊ नये म्हणून पुतण्याने ती वही 'गिट'मध्ये ठेवून दिली. लायनस टॉरव्हॉल्ड्स या गृहस्थाने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी रचलेली ही व्यवस्था. तिच्यात प्रत्येक बदलाची एक नोंद होते, तिला कमिट म्हणतात. कोणी केला, केव्हा केला आणि का केला, हे तीत राहते. दादाची एक फांदी, माझी एक. गेल्या वर्षी दादा गेला, आणि त्याची फांदी तिथेच थांबली.

मी म्हटले, "दोन्ही एकत्र कर आणि एक स्वच्छ प्रत दे. मागची खाडाखोड कशाला हवी?" मास्तराला स्वच्छ वही आवडतेच!

"तसेही करता येते," तो म्हणाला. "त्याला स्क्वॉश म्हणतात. बाबांच्या सगळ्या नोंदी दाबून एकच नोंद होईल. पण ती तुमच्या नावाने पडेल." मग त्याने पडद्यावर एक ओळ दाखविली. कुठली ओळ कोणाची, हे सांगणाऱ्या आज्ञेचे नाव 'ब्लेम'. म्हणजे चक्क दोषारोप! शब्द होता 'आगोट'. दादाने अर्थ दिला होता, पावसाळ्याची सुरुवात. शेजारी रात्री १ वाजून ४० मिनिटांची वेळ, आणि शेरा : 'मावशीला विचारून घेतले. झोप येत नाही, तेव्हा हेच करतो.' तारीख त्याच्या शेवटच्या आजारपणातली होती.

आमच्या सौभाग्यवती लाडवांचा डबा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

मराठीच्या माणसाला हे नवे नसावे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. उपकार थोर, पण गाळलेल्या पाठांची यादी काही त्यांनी मागे ठेवली नाही. उलट भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्यात न स्वीकारलेले पाठही पानाच्या तळाशी छापले. वर्गात हे मी दरवर्षी शिकवितो, आणि घरी मात्र स्वच्छ प्रत मागत होतो.

"मग माझ्या 'वेलांटी सुधारली' अशा चौदा नोंदीही जन्मभर ठेवायच्या का?" मी विचारले.

"त्या खुशाल एकत्र करा, त्या अजून तुमच्याजवळच आहेत. दुसऱ्याने उतरवून घेतलेल्या नोंदींना मात्र हात लावू नये." कारणही त्याने सांगितले. प्रत्येक नोंदीचा ठसा तिच्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या ठशावरून निघतो. मधली एक बदलली की पुढच्या सगळ्यांचे ठसे बदलतात, आणि दुसऱ्याची प्रत आपल्याशी जुळेनाशी होते.

आम्ही सरळ मर्ज केले. यात दोन्ही फांद्या जशाच्या तशा राहतात, आणि त्यांना सांधणारी एक नवी नोंद होते. तिला आईबाप दोन. 'आगोट'पाशी मात्र यंत्र अडले. मी त्याच ओळीत लिहिले होते, पावसाळ्यापूर्वी भरून ठेवायची बेगमी. एकाच ओळीत दोघांचे दोन बदल आले की यंत्र दोन्ही पाठ समोर मांडते आणि थांबते. निवाडा माणसाने करायचा.

दादा असता तर फोनवर तासभर भांडलो असतो.

दोन्ही अर्थ ठेवले, आणि सांध्याच्या नोंदीत शेरा लिहिला : 'पहिला अर्थ दादाचा. तोही बरोबर आहे.'