जुना डबा आणि त्याचा ब्रेक

गेल्या नाताळच्या सुटीपूर्वीं आम्ही आठवीच्या विद्यार्थ्यांस घेऊन डोंगर चढणाऱ्या एका जुन्या, छोट्या आगगाडीनें सहलीस गेलों होतों. गाडी सुटण्याची वेळ टळून वीस मिनिटें झालीं, तरी दोन कामगार डब्यांखालीं वाकून कांहीं तरी पाहतच होते. मुलें कंटाळलीं. सोबत आलेले एक पालक म्हणाले, "इतकीं वर्षें चालली ना ही गाडी? मग आजच काय एवढें पाहायचें!" खरें सांगावयाचें तर आम्हांसही तसेंच वाटलें, आणि आम्हीं तीन वेळां घड्याळ पाहिलें. पुढें त्या उतावळेपणाची आम्हांस लाज वाटली. ती कां, हें येथें सांगावें असें योजिलें आहे.

ता. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांतील आर्मा या गांवाहून संडे-स्कूलच्या मुलांची व त्यांच्या आईबापांची सहल आगगाडीनें समुद्रकिनाऱ्याकडे निघाली. गाडीस पंधरा डबे होते व आंत नऊशेंहून अधिक माणसें होतीं. चढणीवर इंजिनाचें बळ अपुरें पडून गाडी उभी राहिली. तेव्हां गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधीं वर न्यावा असें ठरलें. गाडीस ब्रेक होता, परंतु तो अशा जातीचा कीं, डबे इंजिनापासून सुटले म्हणजे त्यांचा ब्रेकही सुटावा! मागच्या दहा डब्यांस आधार उरला तो एका हातब्रेकाचा व चाकांखालीं ठेवलेल्या दगडांचा. पुढचा भाग निघतांना किंचित् मागें सरला, त्याचा धक्का लागून दगड चुरडले, आणि ते दहा डबे उतारावरून मागें धांवत जाऊन पाठीमागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळले. सुमारें ऐंशीं माणसें मृत्यु पावलीं. त्यांत मुलें पुष्कळ होतीं. त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटानें कायदा करून प्रवासी गाड्यांस आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला.

आपोआप लागणारा म्हणजे कसा? अमेरिकेंतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनीं ही युक्ति १८७२ च्या सुमारासच सिद्ध केली होती. सबंध गाडीच्या लांबीची एक नळी असते व तींत दाबलेली हवा भरलेली असते. प्रत्येक डब्याखालीं हवेची एक टांकी व एक झडप असते. नळींतील दाब कायम आहे तोंवर ब्रेकचे ठोकळे चाकांपासून दूर राहतात. डबे तुटून नळी फाटली कीं दाब उतरतो, झडप फिरते, टांकींतील हवा दट्ट्यास ढकलते आणि ठोकळे चाकांस आवळतात. बिघाड झाला असतां गाडी धांवावी असें नव्हे, तर थांबावी, हें या योजनेचें मर्म होय.

परंतु ही योजना तिच्या रबराइतकी व झडपेइतकीच विश्वासू आहे. टांकी गळत असेल, झडपेंत मळ धरला असेल, ठोकळे झिजून दट्ट्यास फार लांब सरकावें लागत असेल, तर संकटाच्या क्षणीं ती धोका देईल; आणि तोंवर बाहेरून कांहींच दिसणार नाहीं. म्हणून नियम असा कीं, निघण्यापूर्वीं नळींत पुरा दाब भरावा; आपल्या रेल्वेंत तो दर चौरस सेंटिमीटरास ५ किलोग्रॅम असतो. मग गळती किती होते तें कांट्यावर पाहावें. ब्रेक लावून प्रत्येक डब्याचे ठोकळे चाकांस लागले काय, आणि सोडल्यावर सुटले काय, हें चालत जाऊन पाहावें. शेवटच्या डब्यापर्यंत दाब पोंचतो कीं नाहीं, याचीही खात्री करावी. शिवाय ठराविक मुदतीनें झडपा उतरवून साफ कराव्या व तपासाव्या.

कित्येक सज्जन म्हणतात कीं, हौसेनें जतन केलेल्या गाड्यांस एवढा जाच कशाला? त्यांचा वेग मंद, पल्ला थोडा, जुने सुटे भाग दुर्मिळ, आणि पुष्कळ ठिकाणीं काम करणारे स्वयंसेवक. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु आर्मा येथील गाडी वेगानें जात नव्हती, ती उभी होती! घात वेगानें नव्हे, उतारानें केला. आणि वस्तु जितकी जुनी तितकी ती अधिक वेळां पाहावी लागते, हें म्हाताऱ्या आईबापांची काळजी वाहणाऱ्या घरांस सांगावयास नको.

आपल्या नेरळ-माथेरानची गाडी पाहा. दोन फुटी रुळांची, सुमारें २१ किलोमीटरांची ही वाट १९०७ सालीं खुली झाली. तीव्र उतारावर डब्याडब्यांतील माणसें हातांनीं ब्रेक आवळीत. २०१६ सालीं डबे रुळांवरून घसरल्यावर ती बंद ठेवण्यांत आली, आणि पुढें सुरू करतांना डब्यांस हवेचे ब्रेक देण्यांत आले. त्यामुळें तिचें जुनेपण लोपलें असें कोण म्हणेल? लांकूड, पितळ, शिटी हीं जपावीं. जुना धोका जपण्याचें कारण नाहीं.

आमचें मत स्पष्ट आहे. तपासणीस खर्च येत असेल तर तिकीट महाग करावें, फेऱ्या कमी कराव्या. ज्या डब्याचा ब्रेक तपासण्यास पैसा किंवा माणूस नाहीं, तो शेडमध्यें उभा करून लोकांस खुशाल दाखवावा. त्यांत मुलें बसवूं नयेत.

टाळलेली तपासणी दिसत नाहीं. ती टाळली तरी गाडी त्या दिवशीं बहुधा सुखरूप पोंचते, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशीं पुन्हा टाळण्याचा मोह होतो. डब्याखालीं वांकणारा तो कामगार रोज या मोहास जिंकतो, आणि आम्ही फलाटावर उभे राहून त्यास घाई करतों! विद्यार्थ्यांनो, पुढल्या खेपेस गाडी अशी उशिरा सुटली तर घड्याळ पाहूं नका, दूर उभे राहून त्याचें काम पाहा, आणि तें आटोपल्यावर त्यास नम्रपणें विचारा, "दादा, आपण काय पाहत होतां?" पालकांसही आमची हीच विनंती आहे. त्या दिवशीं आम्हीं तें विचारलें नाहीं, याची खंत आजही वाटते.